दूरस्थ काम आणि हरवलेली उमेदवारी

जॉन स्टुअर्ट मिल १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत रुजू झाले आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे जाईपर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे, तेथेच राहिले. हिंदुस्थानातील संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे तयार करणे हे त्यांचे बराच काळ मुख्य काम होते. ज्या देशाच्या कारभारावर त्यांनी अर्धे आयुष्य टिपणे लिहिली, तो देश त्यांनी एकदाही पाहिला नाही. दूरस्थ कामाचे याहून ठळक उदाहरण इतिहासात शोधून सापडणार नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या उदाहरणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मिल हिंदुस्थानपासून हजारो मैल दूर होते, मात्र आपल्या वरिष्ठांपासून ते हाकेच्या अंतरावर होते. आरंभीच्या काळात आपल्या मसुद्यांवर वरिष्ठांना बराच हात फिरवावा लागत असे, हे त्यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे. काम दूरचे होते. उमेदवारी मात्र एका छपराखालची होती.

भारताचा सॉफ्टवेअर उद्योगही याच रचनेवर उभा राहिला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र उघडले, तेव्हा अमेरिकेशी संपर्कासाठी उपग्रहाचा आधार घ्यावा लागला आणि त्या यंत्रसामग्रीचे काही भाग बैलगाडीतून न्यावे लागल्याची हकिकत आजही सांगितली जाते. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि परदेशातील ग्राहकासाठी भारतातून काम करणे हा मध्यमवर्गाच्या भाग्योदयाचा मार्ग ठरला. ग्राहक सातासमुद्रापलीकडे होता. पण काम करणारे तरुण एका इमारतीत, एका उपाहारगृहात, एकाच कंपनीच्या बसमध्ये असत. २५ मार्च २०२० रोजी लागू झालेल्या टाळेबंदीने प्रथमच हे छप्पर काढून घेतले. टाळेबंदी उठली, तरी अनेकांच्या बाबतीत ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिलेले नाही.

प्रशासनाने या बदलाचा पाठलाग कसा केला, हे पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणापासून कॉल सेंटर व तत्सम सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना ‘इतर सेवा पुरवठादार’ म्हणून दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे, आणि कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचे तर त्यासाठी अनामत व तांत्रिक अटींचे ओझे उचलावे लागे. मार्च २०२० मध्ये या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला बँक हमीची अट आणि नोंदणीचे बंधन रद्द झाले, आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी शिथिल झाले. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत जुलै २०२२ मध्ये ‘४३-अ’ हा नवा नियम आला. त्याने प्रथम निम्म्या कर्मचाऱ्यांना, आणि डिसेंबरमधील दुरुस्तीनंतर सर्वच कर्मचाऱ्यांना, मर्यादित मुदतीसाठी घरून काम करण्याची मुभा दिली. हे निर्णय योग्यच होते. मात्र त्या प्रत्येकात विचार झाला तो कंपनीचा, तिच्या परवान्याचा आणि करसवलतीचा. घरी बसून काम करणारी व्यक्ती या कागदांत जवळजवळ कोठेच नाही. ठळक अपवाद मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीचा. प्रसूती रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, परस्पर संमतीने घरून काम करता येईल, अशी तरतूद तिने केली. डिसेंबर २०२० च्या अखेरीस सेवा क्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा जो मसुदा निघाला, त्यातही घरून काम करण्याचा उल्लेख होता. पण ती मुभा देणे न देणे मालकाच्या मर्जीवर आणि करारावर सोपवलेले होते.

दरम्यान एक संपूर्ण पिढी नोकरीला लागली. तिरुनेलवेली, जबलपूर किंवा सिलिगुडीत आईवडिलांच्या घरी राहून बेंगळुरूच्या, कधी बर्लिनच्या कंपनीचे काम करणारे तरुण आज अपवाद राहिलेले नाहीत. महानगरातील भाडे वाचते, प्रवासाचे तास वाचतात, वृद्धांकडे लक्ष देता येते. ज्या अपंग तरुणाला महानगरातील बस आणि जिने हाच नोकरीतील मोठा अडथळा होता, त्याच्यासाठी तर ही व्यवस्था म्हणजे उघडलेले दार आहे. त्यामुळे ‘सर्वांनी मुकाट्याने कार्यालयात परत यावे’ ही भूमिका मला मान्य नाही. टीसीएससारख्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले, तेव्हा झालेली चर्चा शिस्त विरुद्ध स्वातंत्र्य अशा ठोकळ द्वंद्वात अडकली. खरा प्रश्न त्या चर्चेत बाजूला राहिला. तो असा, की कामाची पहिली पाच-सात वर्षे माणसाला घडवतात. ती घडण आता कोठे आणि कशी होणार?

या प्रश्नावर उपलब्ध असलेला उत्तम भारतीय पुरावा चेन्नईचा आहे. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे डेटा एन्ट्रीच्या कामासाठी नेमलेल्या व्यक्तींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे घर आणि कार्यालय असे विभागले. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी आढळली. या तफावतीचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या दिवसापासून दिसत होता. उरलेला एक-तृतीयांश हळूहळू वाढत गेला, कारण कार्यालयात बसणारे अधिक वेगाने शिकत होते. आणखी एक निष्कर्ष अधिक चटका लावणारा आहे. ज्यांची पसंती घरून काम करण्याला होती, ते मुळात अधिक वेगवान व अचूक होते. तरीही घरी गेल्यावर त्यांचेच काम सर्वाधिक घसरले. ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांच्या घरातच कामात व्यत्यय आणणाऱ्या जबाबदाऱ्याही जास्त असाव्यात, असा माझा तर्क आहे. म्हणजे येथे गुणवत्ता कमी पडत नाही. परिस्थिती आड येते.

याला दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली होती. मात्र कामगिरीच्या तुलनेत पाहता त्यांना मिळालेल्या बढत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. काम वाढले आणि माणूस नजरेआड झाला. त्याच कंपनीत पुढे सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून आणि उरलेले दिवस कार्यालयातून, अशी व्यवस्था होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार राजीनाम्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले आणि कामगिरीवर वा बढतीवर विपरीत परिणाम दिसला नाही. हे अभ्यास वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या प्रतीच्या कामांचे आहेत. त्यांची सरळ बेरीज करता येत नाही. तथापि त्यांतून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. घर की कार्यालय हा प्रश्न अपुरा आहे. शिकण्याची आणि नजरेत राहण्याची सोय कोणत्या रचनेत टिकते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

शिकणे म्हणजे येथे काय, हे सेवेतील अनुभवावरून सांगतो. परिविक्षेच्या काळात आम्हाला कायदे आणि नियम वर्गात शिकवले गेले. कारभार मात्र आम्ही शिकलो तो जिल्ह्यात. संतप्त शिष्टमंडळ समोर असताना जिल्हाधिकारी कोणत्या वाक्यावर थांबतात, तहसीलदार एखादा उतारा पाहताच त्यातली खाडाखोड कशी हेरतात, आपण लिहिलेल्या टिपणीतील कोणता परिच्छेद वरिष्ठ लाल शाईने खोडतात आणि का, हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. शिकवणाऱ्यालाही आपण शिकवत आहोत याची जाणीव नसे. संगणकावरील नियोजित बैठकीत नेमके हेच हरवते. बैठकीला विषयपत्रिका असते, वेळ ठरलेली असते आणि ती संपली की पडदा काळा होतो. ज्या प्रश्नासाठी स्वतंत्र बैठक मागणे नवख्याला संकोचाचे वाटते, तो प्रश्न न विचारलेलाच राहतो. शेजारच्या खुर्चीवरील माणसाला तो सहज विचारला गेला असता.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. ज्या घरात कामाची वाटणी अशी आहे, त्या घरात लॅपटॉप आला म्हणून वाटणी बदलत नाही. उलट ‘घरीच तर असतेस’ या एका वाक्याने पगारी कामाचे तास मोकळे मानले जातात. कामाच्या मधल्या वेळात कुकर लावणारी आणि बैठकीत कॅमेरा बंद ठेवणारी तरुणी निष्काळजी नसते; ती एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असते. अनेकींसाठी दूरस्थ नोकरी हाच नोकरीत टिकण्याचा एकमेव मार्ग आहे, हे खरे. म्हणूनच त्या मार्गाची दुरुस्ती अधिक निकडीची आहे.

घरून काम करणारा कामगार हा भारतीय कायद्याला अनोळखी प्राणी नाही, हे आपले धोरणकर्ते विसरतात. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने, कारखान्यात न जाता घरी पान-तंबाखू नेऊन विड्या वळणाऱ्या कामगाराला ‘कामगार’ म्हणून मान्यता दिली. सिन्नर, सोलापूर, सागर, मुर्शिदाबाद, तिरुनेलवेली या पट्ट्यांतील स्त्रियांनी विड्यांची मोजणी, ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी यांसाठी दीर्घ लढे दिले. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत नेला, आणि १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा करार क्रमांक १७७ संमत झाला. इतर कामगारांशी समान वागणूक हे त्याचे सूत्र आहे. भारताने तो करार अद्याप अनुसमर्थित केलेला नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गृहाधारित कामगारा’ची व्याख्या आहे. मालकाच्या जागेऐवजी स्वतःच्या घरी अथवा आपल्या पसंतीच्या जागी, मोबदला घेऊन मालकासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे. साधने मालकाने पुरवली की नाहीत, याने फरक पडत नाही. ही व्याख्या शब्दशः वाचली तर मुर्शिदाबादची विडी कामगार आणि कोइमतूरमध्ये घरी बसून संकेतस्थळे तयार करणारा अभियंता एकाच ओळीत बसतात. पण त्या दोघांना एकत्र पाहणारे प्रशासन आपल्याकडे नाही आणि त्या अभियंत्यालाही आपण तेथे बसतो याचा पत्ता नाही. विडी कामगार स्त्रीला आपण किती वळल्या याची नोंद ठेवण्याचे मोल माहीत आहे. उच्चशिक्षित तरुण करारपत्रही पुरते वाचत नाही.

आणि वाचण्यासारखे त्यात बरेच असते. परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्या अनेकांच्या कागदावर ‘स्वतंत्र सल्लागार’ असा शिक्का असतो. काम पूर्णवेळ, वरिष्ठ ठरलेला, तास ठरलेले. मात्र भविष्यनिर्वाह निधी, उपदान, प्रसूती रजा, नोटीस काळ यांपैकी काहीही नाही. हातात पडणारी रक्कम मोठी दिसते, कारण वृद्धापकाळाचा वाटा त्यातून कोणी कापलेला नसतो. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात देशातील गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे अनुमान मांडले. गिग कामगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचवणारा मुलगा येतो. वातानुकूलित खोलीतील स्वतंत्र सल्लागाराची असुरक्षितता वेगळी असली, तरी जातकुळी तीच आहे.

निवृत्त माणसाचा उपदेश तरुणांना फारसा रुचत नाही. तरीही या पुराव्यांवरून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली दोन-तीन वर्षे शक्य असेल तर जाणत्यांच्या सहवासात काढावीत, पगार थोडा कमी असला तरी. नोकरी स्वीकारताना वेतनाइतक्याच आग्रहाने विचारावे, की माझे काम नियमित कोण तपासणार आणि वर्षातून किती दिवस संघ एकत्र बसणार. ज्यांना घर सोडणे शक्यच नाही, त्यांनी लेखनावर मेहनत घ्यावी. दूरस्थ कामात माणसाची ओळख त्याच्या टिपणावरून होते. काय केले, का केले, काय अडले याची स्वच्छ नोंद ठेवणारा नजरेआड राहत नाही. आणि कागदावर सल्लागार असणाऱ्यांनी दरमहा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी स्वतःच कापावा. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि २००९ पासून राष्ट्रीय पेन्शन योजनाही सर्व नागरिकांना खुली आहे. समाधानकारक कारकीर्द म्हणजे सोयीची नोकरी नव्हे. दहा वर्षांनी आपल्याला काय येत असेल आणि आपल्याला कोण ओळखत असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या नोकरीत मिळत नाहीत, ती कितीही सोयीची असली तरी तिची किंमत पुढे चुकवावी लागते.

परंतु हा भार एकट्या तरुणावर टाकून राज्यसंस्थेला मोकळे होता येणार नाही. घर आणि महानगर यांच्यामधील तिसरी जागा निर्माण करणे, हे पहिले काम. झोहोने २०११ मध्ये तेनकाशीजवळ कार्यालय सुरू करून ग्रामीण भागातही एकत्र बसून तंत्रज्ञानाचे काम उभे राहू शकते हे दाखवले. केरळ सरकारने ‘घराजवळ काम’ या कल्पनेवर केंद्रे उभारण्याचे धोरण स्वीकारले आहे. भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मंजूर झाली. पण गावापर्यंत पोहोचलेली तार एखाद्या बसण्याच्या जागेपर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग अर्धाच होतो. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथे चांगली जोडणी, अखंड वीज आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे दिले, तरी घरात एकाकी बसलेले वेगवेगळ्या कंपन्यांतील तरुण एकमेकांचे शेजारी होतील. एकाच कंपनीचे नसले तरी एका व्यवसायाचे लोक एकमेकांना घडवतात, हे आपल्या जुन्या पेठांना ठाऊक होते.

दुसरे काम कायद्याचे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. स्थायी आदेशांची तरतूद तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती असल्याने असंख्य लहान कंपन्या तिच्या बाहेर राहतात. किमान मोठ्या कंपन्यांसाठी तरी दूरस्थ कामाच्या अटी लेखी असाव्यात: साधनांचा खर्च कोणी करायचा, संपर्काचे तास कोणते, नवख्याला प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे किती दिवस मिळणार. कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये खासगी सदस्य या नात्याने लोकसभेत मांडले होते. त्यावर गंभीर विचार व्हायला हवा होता. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ पासून आपल्याकडे आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र उचलते. या व्यवस्थेची सारी कल्पना यंत्राशेजारी उभ्या असलेल्या उमेदवाराची आहे. दूरस्थ नोकरीतील नवख्यासाठी सहा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी तिच्यात बसवणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड नाही.

आज दूरस्थ व्यवस्था सुरळीत चालताना दिसते, यामागे एक कारण आहे. ती चालवणारे मधल्या फळीतील लोक २०२० पूर्वी एकमेकांच्या शेजारी बसून घडलेले आहेत. परस्परांचा विश्वास, कामाची रीत आणि चूक ओळखण्याची नजर त्यांनी तेव्हाच कमावली, आणि त्या पुंजीवर आजचा कारभार चालतो. दहा वर्षांनी हे लोक वर जातील किंवा बाहेर पडतील. त्यांच्या जागी जे बसतील, त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या वरिष्ठाला काम करताना कधी पाहिलेलेच नसेल, आणि नव्यांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असेल. ती पुंजी त्यांच्यापर्यंत पोहोचवायची, तर त्याची तजवीज आताच करावी लागेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)